हलायला हवा होता तो फोटो

मी एक जुना, खिशात मावणारा कॅमेरा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे काही संग्रहालयात ठेवण्याइतका नाही. माझी बॅटरी अजून टिकते, लेन्स बाहेर येताना कुरकुरत नाही, आणि बटणांवरच्या खुणा सोडल्या तर माझं काही पुसलं गेलेलं नाही. तरी मी स्वतःला जुना म्हणतो. ज्याचं मन त्याला सारखं खात असतं तो वेळेआधी म्हातारा होतो. माणसांचं हे खरं आहेच, माझंही आहे.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथले कामगार डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले असत, कारण धुळीचा एक कण माझ्या पोटात राहिला असता तर जन्मभर प्रत्येक फोटोत दिसला असता. त्यांनी माझ्यात सेन्सर बसवला. सेन्सर म्हणजे उजेड टिपणारा पडदा. माझ्या चणीच्या कॅमेऱ्यांना सहसा नखाएवढा सेन्सर देतात, मला मात्र थोरल्या कॅमेऱ्याचा दिला. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं माझ्या खोक्यावर लिहायला हवं होतं. त्याच्यापुढे एक लेन्स कायमची जडवली, कधीच न निघणारी. आणि त्या लेन्सच्या आत एक इवलंसं भिंग तरंगतं ठेवलं. धरणाऱ्याचा हात एकीकडे हलला की ते उलट्या बाजूला सरकतं, म्हणजे हात थरथरला तरी फोटो थरथरत नाही. या गुणाचा मला फार गर्व होता.

दुकानातल्या काचेच्या कपाटात माझ्या शेजारी एक मिररलेस कॅमेरा होता. नवशिक्यांसाठीचा, साधा, पण अंगानं माझ्या दुप्पट. त्याची लेन्स काढता-घालता येई, आणि ते तो येताजाता ऐकवी.

“तुला बाबा आयुष्यभर एकच डोळा,” तो म्हणायचा. “माझं बघ. आज ही लेन्स, उद्या ती. पाखरं म्हण, चंद्र म्हण.”

“मग त्या लेन्सा वाहायला एक हमालही ठेव,” मी म्हणायचो.

आमचं असं चालायचं, पण वैर नव्हतं. कोणी हाताळायला घेतलं की तो खणखणीत ‘खटॅक’ करी आणि सगळं दुकान वळून बघे. मी बटण दाबल्यावर जो आवाज करतो तो माझा मलाही नीट ऐकू येत नाही. तेव्हा मला त्याच्या त्या आवाजाचं हसू यायचं. आज तो आवाज मला हवा होता असं वाटतं.

एका सकाळी दुकानात बाप-लेक आले. लेक औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी फोटोग्राफी क्लबात जायची. बाप पाट्या रंगवणारा पेंटर. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळेच्या पाट्या. सगळं गाव त्यांना पेंटरकाका म्हणायचं. लेकीनं घरूनच ठरवून आणलं होतं की मिररलेस घ्यायचा. विक्रेत्यानं तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला वेळ लावला नाही. “ताई, तुमचा हात बसला की पुढच्या लेन्सा घ्या. कॅमेरा तुमच्याबरोबर वाढेल.”

“आणि हा बारका?” काकांनी माझ्याकडे बोट केलं.

“तो पण उत्तम आहे काका. फोटोत डावा-उजवा करता येणार नाही. फक्त लेन्स बदलत नाही.”

काका म्हणाले, मी दोन्ही बघतो. त्यांनी आधी शेजाऱ्याला उचललं आणि भिंतीवरच्या, दुकानाच्या वेळा लिहिलेल्या फलकाचा फोटो काढला. त्या दिवशी त्याच्यावर जी छोटी लेन्स लावलेली होती तिच्यात थरथर आवरायची सोय नव्हती. फोटोत प्रत्येक अक्षर दोनदा दिसलं. काकांनी तो पटकन खाली ठेवला. “जड आहे,” म्हणाले. मग त्यांनी मला घेतलं, आणि तेव्हा मला कळलं. त्यांचा उजवा हात थरथरत होता. चालू मिक्सरशेजारी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी थरथरतं, तसा बारीक आणि न थांबणारा. माझ्यातलं भिंग कामाला लागलं. फोटो आला तो असा स्वच्छ की फलकावरचे खिळेसुद्धा मोजून घ्यावेत.

काकांनी पडद्यावर एकेक अक्षर निरखलं. “हाच घे,” म्हणाले.

“पण बाबा, याची लेन्स बदलता येत नाही.”

“मला तरी कुठे नाक बदलता आलंय? चाललंय ना? मोठा कॅमेरा पिशवीत राहतो आणि पिशवी घरी राहते. हा तुझ्या खिशात राहील.”

लेक हसली आणि मला घेतलं. तिला वाटलं, बाबांनी सोयीचं सुचवलं. खरं कारण मला एकट्याला ठाऊक होतं. ज्या कॅमेऱ्यात आपला हात हललेला दिसत नाही, तो कॅमेरा त्यांना घरात हवा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्या मुठीचा राखणदार मी. खोक्यात बंद होताना मी शेजाऱ्याकडे मोठ्या दिमाखानं पाहिलं.

घरात दोघंच होते. पुढे स्वयंपाकाची खोली, मागे काकांची कामाची खोली, टर्पेंटाईनचा वास दोन्हीकडे. स्वयंपाकघरातल्या फळीवर डबे होते आणि त्यांच्यावर काकांच्या हातची अक्षरं: मीठ, साखर, चहा. त्यांच्या अक्षराची एक खूण होती. शेवटची रेघ संपताना किंचित वर वळायची, जणू अक्षर जाता जाता भुवई उडवतंय. गावातल्या निम्म्या पाट्यांवर ती भुवई होती. पण मशीनवर कापलेल्या स्टिकरची अक्षरं आली आणि एकेक पाटी गेली. राहिलं होतं ते शाळेचं काम. शाळेच्या सभागृहात एक काळा लाकडी फलक होता. दर वर्षी पहिल्या आलेल्या मुलांची नावं काका त्यावर सोनेरी रंगानं लिहीत, शिडीवर उभं राहून, आणि मुलं खाली माना वर करून आपलं नाव उमटताना बघत. “हा फलक हातात आहे तोवर मी पेंटर,” ते म्हणायचे. “तो गेला की नुसता म्हातारा.”

माझी चार्जरची जागा त्यांच्याच खोलीत होती, म्हणून त्यांची सकाळ मी रोज पाहिली. उठल्यावर थोडा वेळ त्यांचा हात शांत असे. तेवढ्यात ते काम उरकत. दाराला आतून कडी. डाव्या हातात टेकूची काठी, तिचं टोक फळीवर टेकवलेलं, आणि काठीवर उजवं मनगट. थरथर आली की ते ब्रश उचलून थांबत. ती ओसरली की एका श्वासात एक रेघ ओढत. मग पुन्हा थांबत. पूर्वी जे काम चहा निवायच्या आत व्हायचं त्याला आता सबंध सकाळ लागे. कधी ते माझ्याकडे वळून म्हणत, “बघू नकोस रे.” कॅमेऱ्याशी कोणी बोलतं का? ते बोलायचे. मला ते शब्द अजून ऐकू येतात.

लेकीनं मला खरंच खिशात ठेवलं. क्लबात माझं कौतुक झालं. एवढ्याशा कॅमेऱ्यातून हे? असं लोक म्हणत आणि मी फुगत असे. तिनं रंगाचे डबे काढले, ब्रशांचे सुकलेले केस काढले, अर्ध्या राहिलेल्या पाट्या काढल्या. काकांकडे मला वळवलं की ते म्हणत, “हात नको, पाटी काढ.” तिला वाटे, बाबा लाजतात.

आता ती संध्याकाळ सांगतो. सांगायला नको वाटतं, पण तेवढ्यासाठीच तर मी बोलायला बसलोय.

दिवे अजून लागले नव्हते. काका स्वयंपाकघरात टेबलाशी एकटेच बसले होते. लेक कामावरून आली ती चपला काढून अनवाणी आत आली, त्यामुळे त्यांना चाहूल लागली नाही. दिवसभर ते उजवा हात डाव्या हाताखाली धरून ठेवत, किंवा खिशात, किंवा टेबलाखाली. त्या क्षणी घरात कोणी नाही असं समजून त्यांनी तो बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि थरथरू दिला. दिवसभर बांधून ठेवलेल्या वासराला सोडावं तसा. त्यांच्या चेहऱ्यावर केवढी सुटका होती. लेक दारात थबकली. खिडकीतून येणारा उजेड सुंदर होता, तिनं सवयीनं मला काढलं आणि बटण दाबलं.

मी आवाज केला नाही.

उजेड कमी होता म्हणून माझं शटर जरा जास्त वेळ उघडं राहिलं. मी माझं काम चोख केलं. कप स्थिर, काढून ठेवलेला चष्मा स्थिर, टेबलावरची चीर स्थिर, मागचे डबे आणि त्यांच्यावरची अक्षरं स्थिर. फक्त हात नाही. लेकीचा हात हलला तर तो मी सावरू शकतो, समोरच्या माणसाचा हात सावरणं मला जमत नाही. सगळ्या स्वच्छ घरात तेवढ्याच जागी एक धुरकट, पुसट फराटा होता. चेहरा फोटोत आलाच नव्हता.

मित्रांनो, तिथं माझा तो शेजारी असता तर? त्याच्याकडून सगळंच हललं असतं. डबे, कप, चष्मा, सगळं. “छे, वाया गेला,” असं म्हणून तिनं तो फोटो पुसला असता. आणि त्याआधी ‘खटॅक’ झालं असतं, काकांनी मान वर करून हात खाली घेतला असता. तो साधा होता, म्हणून त्याच्या हातून हे पाप घडलं नसतं. काकांनी मला घरात आणलं ते त्यांचा हात झाकायला, आणि मीच तो उघडा पाडला.

लेकीनं फोटो मोठा करून पाहिला. आधी तिला वाटलं, काहीतरी चुकलं. मग तिला समजलं. ती तशीच मागे सरकली, पायरीवर जाऊन बसली आणि रडली. आत येऊन तिनं विचारलं असतं तर? पण तिला वाटलं, बाबा लपवताहेत तर आपण विचारू नये, त्यांना वाईट वाटेल. तिनं चहा टाकला. दोघांनी गप्पा मारल्या. हात टेबलाखाली गेला होता.

तो फोटो तिनं क्लबच्या सरांना दाखवला. कुणाला तरी दाखवल्याशिवाय तिला राहवेना. सरांनी तो मोठा करून पाहिला. मग म्हणाले, “प्रदर्शनात हा लागायलाच हवा.”

“सर, हे बाबा आहेत.”

“चेहरा आहे का यात? कोण ओळखणार? हा कुणाचाही हात असू शकतो.”

ते तिला पटलं. पटवून घेतलं, असं म्हणतो. कौतुकाची चटक वाईट, आणि ती तिला लागायला मीही हातभार लावला होता. फोटो मोठा करून वाचनालयाच्या हॉलमध्ये लागला. खाली नाव दिलं ‘संध्याकाळ’. सगळ्यांनी हाताकडे पाहिलं. मागच्या डब्यांचा विचार ना तिनं केला ना सरांनी.

शाळेच्या मोठ्या बाईंनी केला. त्या फोटोपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर मीठ, साखर, चहा यांच्यावर गेली. शेवटच्या रेघेची ती भुवई त्या रोज सभागृहात बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. मी टेबलावरच होतो. काकांनी नव्या सोनेरी रंगाचा डबा आणून ठेवला होता, त्या वर्षीच्या नावांसाठी. बाई मनानं फार चांगल्या. आवाजही मऊ. “काका, यंदा त्रास घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “आम्ही स्टिकर लावून घेतो. शिडीवर चढायचं, या वयात, आणि हाताचं असं असताना.”

“हाताचं कसं?” काकांनी विचारलं.

“अहो, आमच्यापासून काय लपवता? फोटो पाहिला ना मी. डबे बघितले आणि लगेच ओळखलं. लेकीनं काय सुंदर काढलाय हो! डोळ्यांत पाणी आलं माझ्या.”

काकांनी त्यांना पाणी दिलं, डाव्या हातानं. त्या गेल्यावर ते खुर्चीत बसले आणि रंगाच्या डब्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी हॉलमध्ये बसायची पाळी लेकीची होती. मी तिच्या खिशात. काका कामाच्या कपड्यांतच आले. सरळ त्या फोटोपाशी गेले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“डबे छान आलेत,” ते म्हणाले.

“बाबा…”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“हा फोटो काढला तेव्हापासून.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“तुम्ही लपवत होतात. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल.”

“लपवत होतो,” काका म्हणाले. “अगं, पण लपवायलासुद्धा एक माणूस लागतं बरोबर. तू विचारलं असतंस तर तुला सांगितलं असतं. दोघांनी मिळून लपवलं असतं.” ते जरासे हसले. “हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी तर दाखवलाही नव्हता.”

मग ते घरी गेले. लेकीनं तिथल्या तिथे फोटो खाली उतरवला. सरांनी अडवलं तर ती म्हणाली, “सर, मी त्यांना विचारलं नव्हतं.” पण गावानं जे बघायचं ते बघून झालं होतं.

तिनं मला स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या खणात टाकलं. कित्येक महिने मी तिथे होतो. माझ्यावर धूळ बसली, बॅटरी उतरली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मित्रांनो. वाईट वाटलं ते खणाच्या फटीतून जे दिसलं त्याचं. काका आता हात लपवत नव्हते. जेवताना, वाचताना, तो टेबलावर सगळ्यांसमोर थरथरत असे, कारण लपवायचं कारणच उरलं नव्हतं. मागच्या खोलीला त्यांनी बाहेरून कडी घातली ती काढलीच नाही. शाळेत स्टिकर लागले.

पुढे एके सकाळी लेकीनंच ती कडी काढली. काकांना हाक मारली आणि तिनं विचारलं, जे तिनं त्या संध्याकाळी विचारायला हवं होतं.

“बाबा, तो कधी हलतो? आणि कधी थांबतो?”

काका खाली बसले. मग सांगायला लागले, आणि दुपार झाली तरी सांगतच होते. उठल्यावरची शांतता. थरथरीचा अंदाज. काठीचं टोक निसटतं ती खरी अडचण, कारण डावा हातही आता पूर्वीसारखा दाबून धरत नाही.

“मग टोक मी धरते,” लेक म्हणाली.

“तुझा हात दुखेल.”

“दुखू दे.”

त्यानंतर रोज सकाळी दोघं मागच्या खोलीत दार उघडं ठेवून बसत. ती काठीचं टोक दोन्ही हातांनी धरी, ते त्यावर मनगट टेकवत, थांबत, आणि एका श्वासात रेघ ओढत. पहिली अक्षरं वाकडी आली. काका म्हणाले, “ही कोंबडीनं काढलीत.” लेक हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसू ऐकू आलं. वर्ष फिरून आलं तेव्हा ती मोठ्या बाईंकडे गेली. काय बोलली ते मी ऐकलेलं नाही. घरी येऊन काकांना एवढंच सांगितलं, “एक नाव लिहून बघा म्हणाल्यात. जमलं तर बाकीची.”

जायच्या सकाळी तिनं खण उघडला. मला बाहेर काढलं, पुसलं, नवी चार्ज केलेली बॅटरी घातली. माझा पडदा उजळला. काका दारात उभे होते, बगलेत काठी.

“बाबा, कॅमेरा घेऊ बरोबर?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “नको,” म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली, आणि तिनं मला फळीवर डब्यांशेजारी ठेवलं.

दुपारी दोघं परत आले तेव्हा थकलेले होते. काकांच्या बोटांना सोनेरी रंग लागला होता. लेकीच्याही. कोणी काही सांगितलं नाही, दोघं हात धुवायलाही न उठता जेवायला बसले.

मित्रांनो, तुम्ही कधी दुकानात गेलात आणि हा घेऊ की तो घेऊ असा प्रश्न पडला, तर सेन्सर बघा, लेन्स बघा, वजन बघा. कुठलाही घ्या. मऊ कापडानं पुसा, वाळूपासून जपा. पण आमच्यातल्या कुणालाही एक गोष्ट येत नाही, आणि ती तुम्हाला येते. आम्हाला विचारता येत नाही. म्हणून आमचं बटण दाबण्याआधी तुम्ही विचारत जा. आपलं माणूस हात टेबलाखाली घेत असेल, तर त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि काय होतंय ते विचारा. ते “नको” म्हणालं तर मला फळीवर ठेवून द्या. मी रुसणार नाही.

त्या दिवशी शाळेत किती नावं लिहून झाली, रेघा सरळ आल्या की वाकड्या, काहीच मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. लेकीनं विचारलं, काका नको म्हणाले, आणि तिनं ऐकलं.

माझ्याकडे त्या दिवसाचा एकही फोटो नाही, आणि जेवढे आहेत त्या सगळ्यांहून मला तो न काढलेलाच जास्त आवडतो.